नदीचा दाखला : आफ्रिकेतील गोड्या पाण्याच्या माशांविषयी

एखाद्या नदीत हजारो वर्षे नांदत आलेला, काठावरच्या कोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पकडलेला, भाजलेला, वाळवून बाजारात नेलेला आणि आपल्या भाषेत नाव देऊन ओळखलेला मासा शास्त्राच्या दफ्तरी मात्र त्याचे वर्णन छापून प्रसिद्ध होते त्या दिवशी प्रथम रुजू होतो. ‘नवी जाती’ हा शब्द शास्त्रात याच मर्यादित अर्थाने वापरला जातो आणि वाचकानेही तो त्याच अर्थाने घ्यावा. कारण नाईल, नायजर, काँगो आणि झांबेझी यांच्या काठी राहणाऱ्या लोकांना जे ठाऊक होते ते युरोपातील पंडितांना ठाऊक होण्यास अडीच शतके लागली, आणि ते काम अद्यापि पुरे झालेले नाही. आज आफ्रिकेतील गोड्या पाण्याच्या माशांच्या तीन हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि दरवर्षी त्यांत भर पडत आहे. त्या जातींची वर्णने कोणी, कोठे बसून आणि कोणत्या साधनांनी लिहिली, त्यांत कोणत्या नद्यांची नावे लिहिली गेली आणि कोणती लिहावयाची राहून गेली, आणि त्या नोंदींवरून माशांच्या उगमाविषयी काय निष्पन्न होते, हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय होय.

नव्या जातीचे वर्णन करावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, हे नवख्या वाचकाला आरंभीच सांगणे इष्ट. संशोधक हाती आलेले नमुने फॉर्मालिनमध्ये मुरवून पुढे मद्यार्कात ठेवतो; परांतील काटे आणि पार्श्वरेषेवरील खवले मोजतो; डोळ्याचा व्यास, मुस्कटाची लांबी, शेपटीच्या देठाची उंची ही मापे शरीराच्या लांबीशी ताडून पाहतो; जबड्यातील आणि घशातील दातांची ठेवण तपासतो; क्ष-किरणांनी मणके मोजतो; आणि अलीकडे जनुकद्रव्याचा काही भाग वाचून तो जवळच्या जातींशी पडताळतो. एवढे झाल्यावर त्या नमुन्यांपैकी एकाला तो होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा कायमचा साक्षीदार, म्हणून मुक्रर करतो आणि तो कोणत्या संग्रहालयाच्या हवाली केला हे जाहीर करतो. पुढे शंभर वर्षांनी कोणी वाद उपस्थित केला, तर निवाडा त्या एका देहाकडे पाहून करावयाचा असतो.

प्राणिनामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता या बाबतीत काटेकोर आहे. लिनियसच्या ‘सिस्टेमा नातुरे’ची दहावी आवृत्ती १७५८ साली निघाली, त्यापूर्वी दिलेले माशाचे कोणतेही नाव ती मानीत नाही, आणि १९९९ नंतर प्रसिद्ध झालेल्या नावामागे मूळ नमुन्याचा स्पष्ट निर्देश नसेल तर तेही स्वीकारीत नाही. परंतु तो नमुना कोणत्या नदीच्या कोणत्या वळणावर, कोणत्या धबधब्याच्या वर की खाली मिळाला, हे सविस्तर लिहिलेच पाहिजे असा तिचा हुकूम नाही. ती केवळ शिफारस आहे. माझ्या मते या शास्त्राचे निम्मे वैभव आणि निम्मी दैना या एका सवलतीत साठलेली आहे. माशाचा देह आणि त्याचे पाणी यांची सांगड ज्याने जपली त्याचे लिखाण शतकानंतरही उपयोगी पडते. ज्याने ती तोडली त्याच्या बाटलीतील मासा कितीही सुस्थितीत असला तरी त्याच्या मुलखाविषयी काही साक्ष देऊ शकत नाही.

ठिकाणाला एवढे महत्त्व का, हे नद्यांचा स्वभाव पाहिल्यावाचून उमगत नाही. पक्षी डोंगर ओलांडतो, बीज वाऱ्यावर जाते. गोड्या पाण्यातील माशाला मात्र दोन खोऱ्यांमधली कोरडी धार आणि नदीच्या मुखापुढचा खारा समुद्र या दोन्ही हद्दी बहुधा अनुल्लंघ्य असतात. म्हणून दोन वेगळ्या नद्यांत एकच मासा आढळला, तर त्या नद्यांचे पाणी कधी काळी एकमेकांस मिळाले असले पाहिजे, असे अनुमान निघते. नाईल नदीचे नाव ज्यांना मिळाले ते कित्येक मासे चाड सरोवरात, नायजरमध्ये आणि थेट अटलांटिकला मिळणाऱ्या सेनेगल नदीतही सापडतात. त्याचे कारण आज जेथे सहाराची वाळू आहे तेथे पूर्वीच्या पावसाळी युगांत तळी आणि प्रवाह होते, आणि त्यांनी ही खोरी जोडली होती. उलट काफुए नदीचे पाहा. ती आज व्हिक्टोरिया धबधब्याच्या पुष्कळ खाली झांबेझीला मिळते, पण तिच्यातील मासे धबधब्याच्या वरच्या झांबेझीशी नाते सांगतात. आणि झांबेझीत सर्वत्र दरारा असलेला टायगरफिश काफुएच्या घळीवरील पाण्यात नाही. एका नदीने दुसरीचा वरचा ओघ आपल्याकडे वळवून घ्यावा, पुढे जमीन उचलली जाऊन जुना मार्ग बंद पडावा, या भूगर्भातील उलाढालींचा कागदोपत्री पुरावा कोठेही नसताना माशांनी तो आपल्या वंशावळीत सांभाळून ठेवला आहे. टायसन रॉबर्ट्‌स यांनी १९७५ मध्ये खंडाचे मत्स्यप्रांत आखून दाखविले ते अशाच पुराव्यावर.

या विद्येचा इतिहास नाईलच्या काठी सुरू होतो, आणि त्याच्या पहिल्या पानांवर मृत्यूच्या नोंदी आहेत. लिनियसचा शिष्य फ्रेडरिक हासेलक्विस्ट इजिप्तमधील मासे गोळा करून परतत असता १७५२ मध्ये स्मर्ना येथे वारला. त्याच्या कर्जापायी अडकून पडलेली कागदपत्रे स्वीडनच्या राणीने पैसे भरून सोडविली, तेव्हा कोठे ती गुरूच्या हाती आली. त्यानंतर दहा वर्षांच्या आत डेन्मार्कच्या राजाने पाठविलेल्या मोहिमेतील पीटर फोर्स्कॉल याने नाईलचे मासे नोंदले आणि तोही १७६३ मध्ये येमेनमध्ये तापाने गेला. त्या मोहिमेत एकटा कार्स्टन नीबूर जगला. तो तेथून मुंबईस आला, घारापुरीच्या लेण्यांची मापे घेऊन गेला, आणि मायदेशी परतल्यावर त्याने मित्राची वर्णने १७७५ मध्ये छापून काढली. फोर्स्कॉलने काठावरच्या अरबी बोलीतील नावेच शास्त्रात घेतली होती, आणि ‘बायाद’, ‘दोक्माक’ ही नावे आजतागायत चालू आहेत. आपल्याकडे कर्नल साइक्स याने दख्खनच्या माशांची वर्णने करताना हाच मार्ग स्वीकारला होता. मुळा-मुठेतील ‘खुद्री’ला १८३९ मध्ये मिळालेले नाव असेच स्थानिक आहे. ज्याने कोळ्याला नाव विचारले त्याने बहुधा पाण्याचेही नाव विचारले, असा माझा अनुभव ही जुनी वर्णने वाचताना वारंवार आला.

नेपोलियनच्या स्वारीबरोबर इजिप्तला गेलेला एत्येन जॉफ्रॉय सेंट-हिलेर, १८४२ पासून काही वर्षे मोझांबिकमध्ये हिंडलेला बर्लिनचा विल्हेल्म पीटर्स, दक्षिणेत ऑरेंज नदीच्या मुलखात फिरलेला विल्यम बर्चेल, हे पुढच्या पिढीचे लोक. त्यांच्यापर्यंत वर्णन करणारा आणि नदीत उतरणारा माणूस एकच होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेची वाटणी झाली आणि ही दोन कामे वेगळी पडली. अंमलदार, डॉक्टर, मिशनरी, सर्वेक्षणाचे अधिकारी बरण्या भरभरून मासे पाठवीत, आणि युरोपातील संग्रहालयांत ते मोजले जात; नाईल आणि नायजर लंडनला, काँगो ब्रसेल्सजवळच्या टेर्व्ह्युरेनला, गॅबन पॅरिसला, कॅमेरून बर्लिनला, अशी माशांचीही इलाखेवार विभागणी झाली. या काळाचा मेरुमणी जॉर्ज अल्बर्ट बूलांजे. जन्माने बेल्जियन असलेल्या या विद्वानाने लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये बसून हजाराहून अधिक माशांच्या जातींना नावे दिली, १९०७ मध्ये नाईलच्या माशांवर महाग्रंथ लिहिला आणि १९०९ ते १९१६ या वर्षांत आफ्रिकेच्या गोड्या पाण्यातील माशांची चार खंडांची सूची पुरी केली. त्या सूचीवाचून आजही कोणाचे पाऊल पुढे पडत नाही. तथापि तिची पाने उलटताना ‘वरचा काँगो’ किंवा नुसते ‘काँगो’ एवढाच ठिकाणाचा उल्लेख पुनःपुन्हा भेटतो, आणि ज्या नदीचे खोरे सबंध भारताहून मोठे आहे तिच्याविषयी एवढे मोघम लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे होय. दोष एकट्या बूलांजेचा नव्हे. पाठविणाऱ्यांनी जेवढे लिहिले तेवढेच त्याच्यापुढे आले. मेरी किंग्जली ही इंग्रज स्त्री मात्र ओगोवे नदीच्या द्रुतवाहांतून होडी घालून गेली, आणि तिने आणलेल्या माशांचे वर्णन आल्बर्ट ग्युंथर याने १८९६ मध्ये केले तेव्हा त्यांपैकी काहींना तिचे नाव दिले. तिचे मासे ज्या पाण्यातले होते ते पाणी तिने स्वतः पाहिले होते.

याच सुमारास उगमाचा प्रश्न प्रथमच मोठ्या आवाजात विचारला गेला. जे. ई. एस. मूर याने टांगानिका सरोवरातील शंख-शिंपल्यांचे समुद्री रूप पाहून हे सरोवर प्राचीन समुद्राचा मागे राहिलेला तुकडा असावा, असे १९०३ मध्ये प्रतिपादिले. माशांच्या साक्षीपुढे ते टिकले नाही. सरोवरातील सिक्लिड कुळाचे नातलग सभोवारच्या नद्यांत निघाले, आणि सरोवराची समृद्धी नद्यांच्या देण्यातून उभी राहिली, हा विचार तेव्हापासून दृढ होत गेला.

विसाव्या शतकात जे संप्रदाय घडले त्यांचा विस्तार ग्रंथात येईलच. येथे दिशा तेवढी दाखवितो. टेर्व्ह्युरेनमध्ये माक्स पोल यांनी काँगो आणि टांगानिकाच्या माशांची शिस्तबद्ध मांडणी केली. फ्रेंच संशोधकांनी, विशेषतः जाक दाजे यांनी, पश्चिम आफ्रिकेच्या नद्यांवर ठाण मांडून काम केले, आणि पुढे फ्रेंच व बेल्जियन मंडळींच्या सहकार्यातून सबंध खंडाची चार खंडांची तपास-सूची १९८४ ते १९९१ या काळात निघाली. दक्षिणेत रेक्स जब आणि पॉल स्केल्टन यांच्या परंपरेने आफ्रिकेच्या भूमीवरच संग्रहालय आणि अभ्यास उभा केला. लंडनच्या संग्रहालयातील एथेल्विन ट्रेवावस यांचे स्थान माझ्या दृष्टीने या सर्वांत निराळे आहे. १९०० मध्ये जन्मलेल्या या विदुषीने मलावी सरोवराच्या सिक्लिडांची व्यवस्थित मांडणी १९३५ मध्ये केली, आणि तिलापिया गटावरील आपला थोर ग्रंथ १९८३ मध्ये, म्हणजे ऐंशी वर्षे उलटून गेल्यावर, हातावेगळा केला. मासा अंडी कोठे ठेवतो, पिलांना तोंडात कोण वाढवितो, घरटे कसे करतो, या गोष्टी दातांच्या संख्येइतक्याच वर्गीकरणाच्या कामी येतात, हा तिचा आग्रह होता. रोझमेरी लो-मॅकॉनेल आणि हम्फ्री ग्रीनवुड यांनी तीच दृष्टी सरोवरांच्या काठी नेली. मृत देहाच्या मोजमापापासून जिवंत पाण्याकडे झालेले हे वळण मला या शास्त्राचे खरे प्रौढत्व वाटते.

त्याचा सर्वांत विलक्षण प्रत्यय हत्तीमुखी म्हणता येतील अशा मॉर्मिरिड कुळातील माशांनी दिला. हान्स लिसमान यांनी १९५१ मध्ये नाईलच्या जिम्नार्कस या त्यांच्या नातलगावर प्रयोग करून तो सतत क्षीण विद्युत्‌लहरी सोडतो हे दाखविले. या लहरींनी तो गढूळ पाण्यात वाट काढतो. पुढे कार्ल हॉपकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅबनमध्ये ओगोवे आणि तिची उपनदी इव्हिंदो यांच्यावर काम केले तेव्हा आढळले, की बाह्यतः जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या माशांचे विद्युत्‌स्पंद अगदी भिन्न आहेत आणि प्रत्येक जात आपल्या स्पंदाने आपला जोडीदार ओळखते. असा मासा मद्यार्काच्या बाटलीत पडला की त्याची ओळख पटविणारी मुख्य गोष्टच नाहीशी होते. म्हणून त्याच्या वर्णनाला आता देहाबरोबर त्याच्या स्पंदाची, आणि ते जेथे टिपले त्या पाण्याची नोंद जोडावी लागते.

नदी स्वतःच नव्या जाती घडविते, याचे याहून मोठे उदाहरण काँगोच्या खालच्या टप्प्यात आहे. किन्शासाजवळचा मलेबो कुंड सोडल्यावर ही नदी माटाडी बंदरापर्यंत सुमारे ३५० किलोमीटर अंतर द्रुतवाहांतून तोडीत जाते. या टप्प्यात ती २५० मीटरांहून अधिक खाली उतरते, आणि तिची खोली काही ठिकाणी २०० मीटरांच्या पलीकडे मोजली गेली आहे. जगातील ज्ञात नद्यांत एवढी खोली अन्यत्र आढळत नाही. रॉबर्ट्‌स आणि डोनल्ड स्टुअर्ट यांनी १९७६ मध्ये या द्रुतवाहांतील माशांचे जे सर्वेक्षण प्रसिद्ध केले त्यात एक फिकट, डोळे गमावलेला सिक्लिड होता; त्याचे नाव लॅम्प्रोलोगस लेथॉप्स. अंध मासे गुहांत राहतात हे माहीत होते. याच मुलखातील गुहांतला काएकोबार्बस बूलांजेने १९२१ मध्येच वर्णिला होता. पण उघड्या सूर्याखाली वाहणाऱ्या महानदीत अंध मासा कशासाठी? मेलनी स्टायासनी यांच्या पथकाला मरणोन्मुख मासा हाती लागला तेव्हा त्याच्या देहात वायूचे बुडबुडे दिसले. प्रचंड खोलीवरून प्रवाहाच्या उसळीने तो एकाएकी वर फेकला गेला होता. त्याचे घर त्या काळोख्या तळाशी होते. याच पथकाने आणि इतरांनी केलेल्या जनुकीय अभ्यासात असेही दिसले, की समोरासमोरच्या दोन काठांवर राहणारे लहान सिक्लिडसुद्धा मधल्या ओघाच्या वेगामुळे परस्परांपासून तुटलेले आहेत. पाण्यानेच पाण्यातील जीवाला भिंत घातली आहे. या टप्प्यात तीनशेहून अधिक जाती नोंदल्या आहेत. येथे ‘काँगो’ एवढे लिहिणाऱ्याने काहीच सांगितले नाही, ‘उजवा काठ, अमुक द्रुतवाहाखाली’ असे लिहिणाऱ्याने मात्र अर्धे संशोधन केले, हे वाचकाच्या लक्षात येईल.

सरोवरांच्या बाजूने हाच प्रश्न विचारला असता व्हिक्टोरियाचे उत्तर सर्वांत आश्चर्यकारक आहे. या सरोवरात आणि त्याच्या आसपास सिक्लिडांच्या सुमारे पाचशे जाती होत्या; आणि तळाच्या गाळावरून असे दिसते, की सुमारे १५,००० वर्षांपूर्वी ते जवळजवळ कोरडे पडले होते. एवढ्या अल्प काळात एवढे वैविध्य कोठून आले, हा प्रश्न ग्रीनवुड यांनाही सुटला नव्हता. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखविले, की या सर्वांचा पूर्वजसमूह दोन नदीवंशांच्या संकरातून निर्माण झाला: एक काँगोच्या बाजूचा, दुसरा वरच्या नाईलचा. ही भेट सरोवर भरण्याच्या फार पूर्वी, दीड लाख वर्षांच्या सुमारास, झाली असावी. दोन दूरच्या नद्यांचा ठेवा एकत्र आला आणि त्यातून नव्या जाती त्वरेने फुटल्या. हे अनुमान शक्य झाले, कारण कोणीतरी नदीतील लहान, अनाकर्षक, बाजारात भाव नसलेले सिक्लिड पकडून त्यांचे ठिकाण नीट लिहून ठेवले होते.

हा अभ्यास आताच का हवा, याचे उत्तर त्याच सरोवराने दिले आहे. १९५० च्या दशकात तेथे नाईल पर्च हा भक्षक मासा सोडण्यात आला. १९८० च्या दशकात त्याची बेसुमार वाढ झाली आणि सिक्लिडांच्या दोनशेच्या आसपास जाती नाहीशा झाल्या असाव्यात, असा अंदाज आहे. लायडनच्या संशोधकांना कित्येक जातींची वर्णने पुरी होण्यापूर्वीच त्या जाळ्यात येईनाशा झाल्याचे पाहावे लागले. खालच्या काँगोवर इंगा येथे दोन विद्युत्‌प्रकल्प उभे आहेतच, आणि त्यांहून कितीतरी मोठा प्रकल्प योजिलेला आहे. विजेची गरज खरी आहे आणि ती नाकारण्याचा अधिकार दूर बसलेल्या कोणालाही नाही. परंतु धरणाच्या भिंतीखाली कोणती कुळे जातील, हे तिथल्या जनतेला आधी कळले पाहिजे. नमुन्यांच्या मालकीचा प्रश्नही आता मिटवून चालणार नाही. २०१० च्या नागोया कराराने जैविक संपत्तीवर त्या त्या देशाचा हक्क मान्य केला; तरी आफ्रिकेच्या माशांचे बहुसंख्य जुने मूळ नमुने युरोपातच आहेत, आणि किन्शासाच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या नदीचा साक्षीदार पाहण्यासाठी व्हिसा काढावा लागतो. अलीकडच्या वर्णनांवर आफ्रिकी संशोधकांची नावे लेखक म्हणून येऊ लागली आहेत, ही या क्षेत्रातील सर्वांत आशादायक घटना मी समजतो.

मराठी वाचकाला हे सारे परमुलखातील प्रकरण वाटेल, पण त्याच्या ताटात त्याचा एक धागा आलेला आहे. उजनीच्या जलाशयावर ‘चिलापी’ म्हणून विकला जाणारा मासा हा आफ्रिकेचा तिलापिया. या गटातील जो मोझांबिकी मासा भारतात प्रथम आला, त्याचे वर्णन पीटर्सने झांबेझीवरील टेटे येथील नमुन्यांवरून १८५२ मध्ये केले. १९३९ मध्ये तो जावा बेटावर आढळला, आणि १९५२ मध्ये भारतात आणला गेला. बंदी असूनही चोरून वाढविला जाणारा ‘थाई’ मांगूर थायलंडचा नसून तोही आफ्रिकेचाच. बर्चेलने १८२२ मध्ये त्याला ऑरेंज नदीच्या गारीप या जुन्या नावावरून शास्त्रीय नाव दिले होते. हे मासे आपल्या नद्यांत पसरून मूळच्या माशांना हटवू लागले, त्याआधी ते कोणत्या पाण्याचे, तेथे त्यांना आवर घालणारे काय होते, हे कोणी विचारले असते तर पुष्कळ नुकसान टळले असते.

प्रस्तुत ग्रंथाची रचना या भूमिकेतूनच केली आहे. माशांच्या कुळांचा क्रम न लावता तो नद्यांच्या क्रमाने चालतो, आणि प्रत्येक खोऱ्यात निवडक जातींची मूळ वर्णने हाती घेऊन त्यांतील ठिकाणाची रुजुवात करतो. सर्व जातींची यादी देण्याचा त्याचा मानस नाही. तसे ग्रंथ आहेत आणि ते तज्ज्ञांसाठी आहेत. मत्स्यालयाच्या हौशी मंडळींनी, विशेषतः पावसाच्या डबक्यांत जन्मून काही महिन्यांत मरणाऱ्या नोथोब्रँकियस माशांच्या उपासकांनी, प्रत्येक पिढीबरोबर मूळ डबक्याची खूण जपण्याचा जो पायंडा पाडला त्यालाही येथे मान दिला आहे. कित्येक व्यावसायिकांनी तो गिरवावा. जेथे जुन्या वर्णनाचे ठिकाण संशयास्पद आहे तेथे तसे स्पष्ट म्हटले आहे, आणि तर्काने रिकामी जागा भरलेली नाही.

हा ग्रंथ आफ्रिकेचा मोठा नकाशा शेजारी उघडून वाचावा, अशी वाचकाला विनंती आहे. राजवटी बदलल्या तशी नद्यांची आणि गावांची नावेही बदलली: काँगोला काही वर्षे झैरे म्हणत, मलेबो कुंडाला स्टॅनली पूल, मलावी सरोवराला न्यासा. जुन्या वर्णनांत जुनी नावे आहेत आणि ती तशीच ठेवली आहेत; त्यांच्या आजच्या नावांशी मेळ घालणारी यादी ग्रंथाच्या अखेरीस जोडली असून प्रत्येक प्रकरण सुरू करण्यापूर्वी ती एकदा चाळून घ्यावी.